नेकेड बाइक पारखायची ती ताशी वीसच्या वेगाला

पिंपळे गुरव ते चाकण एमआयडीसी, 22 किलोमीटर. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीवरचा पूल, चिंबळी फाटा, कुरुळी आणि मग कंपनीचं गेट. सकाळी सहाला निघाले तर पाऊण तासात पोचते. जनरल शिफ्टला साडेसातला निघायचं असेल तर सव्वा तास धरायचा. हा रस्ता मी सात वर्षं एकाच 150 सीसीच्या नेकेड गाडीवर केला. मीटर 88,000 वर गेलं, सायलेन्सरमधून निळसर धूर यायला लागला. गल्लीतल्या फिटरकाकांनी गाडी चालू करून मिनिटभर ऐकली आणि म्हणाले, "ताई, इंजिन उघडावं लागेल. तेवढ्या पैशात नव्या गाडीचं डाउन पेमेंट होईल."

त्यानंतर दोन महिने मी गाड्या बघत होते. माझं कामच मोजमापाचं. दिवसभर हातात व्हर्नियर, मायक्रोमीटर नाहीतर डायल गेज असतो, त्यामुळे गाड्याही मी मोजूनच बघितल्या. कुठली गाडी शंभरला किती सेकंदांत पोचते हे सगळीकडे वाचायला मिळतं. मला हवं होतं ते कुणी सांगत नव्हतं: भोसरीच्या गर्दीत, पुढे कंटेनर आणि दोन्ही बाजूंना रिक्षा असताना, ताशी वीसच्या वेगात ती कशी वागते? रोजची गाडी तिथेच पारखायला हवी, असं माझं ठाम मत आहे. ती पारख कशी करायची ते सविस्तर लिहिते.

नेकेड म्हणजे काय, हे दोन वाक्यांत. इंजिनावर आणि हँडलपुढे प्लास्टिकचं आवरण, म्हणजे फेअरिंग, नाही, हँडल रुंद आणि थोडं उंच, बसायला जवळजवळ ताठ. बजाजच्या एनएस200 मधला 'एन' हा नेकेडचाच. रोजच्या रस्त्याला हा प्रकार मला सगळ्यात योग्य वाटतो. रुंद हँडलमुळे कमी वेगात गाडी हलक्या हाताने वळते, मनगटांवर भार येत नाही, मान वर राहते आणि पुढच्या गाडीच्या छतावरून पलीकडचं दिसतं. गाडी पडली तरी महागडं फेअरिंग फुटत नाही. वारा मात्र सगळा छातीवर येतो. ऐंशीच्या खाली तो जाणवत नाही. रोज तासभर नव्वदने जायचं असेल तर हा विचार आधी करा.

आधी आपला आठवडा मोजा

शोरूमला जाण्यापूर्वी सात दिवस वही ठेवा. मी फोनमध्ये प्रवास नोंदवणारं अ‍ॅप चालू ठेवलं आणि घरी आल्यावर आकडे उतरवले. 22 किलोमीटरला सरासरी 70 मिनिटं, म्हणजे ताशी 19 किलोमीटर. त्या 70 मिनिटांतली 41 मिनिटं वेग पंचविसाच्या खाली होता. साठच्या वर मी फक्त सहा मिनिटं होते, तीही मोशीच्या पुढे. एक दिवस पाय किती वेळा टेकला ते मोजलं: एका फेरीत 63 वेळा.

हे आकडे बघितल्यावर माझी यादीच उलटी झाली. केटीएमची 390 ड्यूक आणि ट्रायम्फ स्पीड 400 या दोन गाड्या मला मनापासून आवडतात. दोन्ही माझ्या कंपनीच्या आसपास, चाकणच्या पट्ट्यात तयार होतात; त्यांनी भरलेले ट्रक मी रोज बघते. पण सहा मिनिटांसाठी घेतलेल्या ताकदीचं ओझं मला 41 मिनिटं वागवायचं आहे, हे कागदावर उतरलेलं दिसलं. तुमची वही वेगळं सांगेल. कराडहून साताऱ्याला हायवेने रोज जाणाऱ्या माणसाची वही माझ्या बरोब्बर उलट असेल, आणि त्याने माझं ऐकून 150 सीसी घेऊ नये.

वहीत आणखी तीन गोष्टी लिहा. मागे कोण बसतं आणि आठवड्यातून किती वेळा. गाडी रात्री कुठे उभी राहते, उतारावर का, दोन गाड्यांच्या फटीत का. आणि पावसाळ्यात रस्त्यावर कुठे पाणी साचतं. या तीन ओळी माझ्या निर्णयात सीसीपेक्षा जास्त कामाला आल्या.

मग स्वतःला मोजा

माझी उंची पाच फूट दोन इंच. पण गाडीला उंचीशी देणंघेणं नाही, पायाच्या आतल्या लांबीशी आहे. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये घट्ट वर ओढा, त्याच्या वरच्या कडेला पेन्सिलने खूण करा, जमिनीपासून ती खूण मोजा. माझं माप आलं 71 सेंटिमीटर. रोज घालता त्या बुटाची टाच त्यात मिळवा.

आता सीटच्या उंच्या बघा. यामाहा एफझेड-एस 790 मिलिमीटर, सुझुकी जिक्सर 155 ची 795, टीव्हीएस अपाचे आरटीआर 160 4व्ही 800, पल्सर एनएस200 साधारण 805, यामाहाच्याच एमटी-15 ची 810. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात फक्त 20 मिलिमीटरचा फरक आहे, मधल्या बोटाच्या रुंदीएवढा. पण त्याच 20 मिलिमीटरमध्ये माझे चवडे टेकतात की फक्त बोटं टेकतात हे ठरतं, आणि मला दिवसातून सव्वाशे वेळा पाय टेकायचे आहेत.

नुसता आकडा मात्र फसवतो. सीट पुढच्या बाजूला रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि पाय आखूड पडतो. अरुंद असेल तर उंच सीटवरूनही पाय सरळ खाली जातो. शिवाय बसल्यावर शॉकअप दबून सीट थोडी खाली येते. म्हणून बसूनच बघा, आणि बसताना फक्त डावा पाय टेकून उजवा पाय ब्रेकवर ठेवा. सिग्नलला आपण तसेच उभे असतो. दोन्ही पाय टेकतात का, हा शोरूममधला प्रश्न आहे, रस्त्यावरचा नाही.

वजनाचंही असंच. एफझेड 136 किलोच्या आसपास, एमटी-15 आणि जिक्सर 141 च्या आसपास, आरटीआर 160 4व्ही साधारण 145, एनएस200 साधारण 159. 390 ड्यूक 168, स्पीड 400 आली तेव्हा 176, रॉयल एनफील्ड हंटर 350 ची 181. चालू गाडीत हे वजन विसरायला होतं. बंद गाडीत नाही. आमच्या सोसायटीच्या पार्किंगला बाहेर पडताना चढाचा रॅम्प आहे. प्रत्येक गाडी बघताना मी एक गोष्ट केली: इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, गाडी शोरूमच्या पायरीजवळच्या उतारावर पाच पावलं मागे ढकलली. हंटरला मला दोनदा दम घ्यावा लागला. दादा शेजारीच उभा होता, त्याने हात पुढे केला. मी नको म्हटलं, कारण रोज सकाळी दादा नसणार.

माहितीपत्रकातला एकच आकडा नीट वाचा

बहुतेक जण पॉवर वाचतात. मी म्हणेन, टॉर्क वाचा, आणि त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं आरपीएम, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला फेरे, त्याहून काळजीपूर्वक वाचा. टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर. तो सर्वात जास्त कुठे मिळतो हे आरपीएम सांगतो. एफझेड-एसचा 13.3 न्यूटन मीटर 5,500 आरपीएमला येतो. जिक्सरचा 13.8 हा 6,000 ला. आरटीआर 160 4व्हीचा 14.73 हा 7,250 ला, एमटी-15 चा 14.1 हा 7,500 ला, एनएस200 चा 18.74 हा 8,000 ला. हंटर 350 चा 27 न्यूटन मीटर तर अवघ्या 4,000 ला हातात येतो.

गर्दीत आपण तीन ते चार हजार आरपीएमच्या मध्ये घुटमळत असतो. तिथे जी गाडी जोर दाखवते ती तिसऱ्या गिअरवर पंचविसाच्या वेगातही ओढते. जिचा जोर वर ठेवला आहे ती गचके देते, मग दुसरा गिअर, क्लच, पुन्हा तिसरा. संध्याकाळी डाव्या मनगटाला जी कळ लागते ती इथून येते.

अर्थात हा नियम डोळे मिटून लावू नका. एमटी-15 ला व्हीव्हीए आहे, म्हणजे झडपांसाठी दोन वेगवेगळे कॅम. 7,400 आरपीएमच्या आसपास दुसरा कॅम काम हातात घेतो. त्याखाली जो कॅम चालतो तो खालच्या वेगासाठीच घडवलेला असतो, म्हणून कागदावर वाटते त्यापेक्षा ती गर्दीत सौम्य आहे. तसंच 390 ड्यूकचा 39 किंवा स्पीड 400 चा 37.5 न्यूटन मीटर जरी 6,500 ला येत असला, तरी त्याच्या निम्म्या आरपीएमलाही 150 सीसीच्या कमाल जोरापेक्षा जास्त जोर तिथे असतोच. मोठ्या इंजिनाची अडचण जोराची नाही, उष्णतेची आणि वजनाची आहे. त्याकडे येतेच.

क्लच स्लिपर-असिस्ट प्रकारचा आहे का, तेही विचारा. असिस्टमुळे क्लचची मूठ हलकी होते. एमटी-15, स्पीड 400, 390 ड्यूक यांना तो आहे. अपाचेला दुसरी एक सोय आहे, तिला कंपनी ग्लाइड थ्रू टेक्नॉलॉजी म्हणते: क्लच सोडला की थ्रॉटल न देताही खालच्या गिअरवर गाडी बंद न पडता सरकत राहते. वाचताना मला ही जाहिरात वाटली होती. नाशिक फाट्याच्या पुलाखाली चालवून बघितल्यावर मत बदललं.

रंगीत स्क्रीन, ब्लूटूथ, चार-चार मोड यांवर मी वेळ घालवला नाही. तुम्हीही शेवटी बघा.

चालवून बघणं: खरी परीक्षा

शोरूमवाले टेस्ट राइड देतात ती बहुधा गेटपासून पुढच्या सिग्नलपर्यंत आणि परत. मी गेले त्यातल्या एका ठिकाणी विक्रेता सगळं बोलणं दादाकडे बघून करत होता आणि किल्लीही त्यानेच घ्यावी म्हणून त्याच्यापुढे धरली. गाडी मी घेणार, लायसन्स माझं, पैसे माझे. मी तिथून निघाले. बायकांनी इथे संकोच करू नये. अर्धा तास चालवू देत असाल तरच पुढचं बोलू, असं फोनवरच सांगा, देणारे असतात.

तेही जमलं नाही तर एक दिवसासाठी तीच गाडी भाड्याने घ्या. पुण्यात अशी बाइक देणारे आहेत; गाडीला काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असली की ती भाड्याची. एका दिवसाचं भाडं जातं, पण पाच-सात वर्षांची चूक टळते. मी दोन गाड्या अशाच पारखल्या, आणि थेट कामावर घेऊन गेले.

चालवण्याची वेळ तुमच्या रोजच्या वेळेचीच हवी. रविवारी सकाळी सगळ्या गाड्या चांगल्या असतात.

मी प्रत्येक गाडीवर ठरावीक क्रमाने या गोष्टी केल्या. पहिली, दुसऱ्या गिअरवर क्लच पूर्ण सोडून, थ्रॉटल जेमतेम देऊन, चालत्या माणसाच्या शेजारून जायचं. गाडी हिसके देते का, चेनचा खडखडाट येतो का, हँडल सरळ राहतं का. दुसरी, तिसऱ्या गिअरवर पंचवीसला आणून हळू थ्रॉटल उघडायचा. गाडी कुरकुरली तर ती तुमच्या रस्त्याला वरच्या गिअरवर चालणार नाही. तिसरी, आपल्याच गल्लीत पाय न टेकता यू टर्न. हँडल किती वळतं हे कुठल्याच जाहिरातीत नसतं, आणि रोज पार्किंगमध्ये तेच लागतं. चौथी, चाळीसच्या वेगात, मागे कुणी नाही हे बघून, दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे.

पाचवी परीक्षा सगळ्यात महत्त्वाची आणि तीच लोक गाळतात: वीस मिनिटं सलग गर्दीत राहायचं. पहिल्या पाच मिनिटांत कुठलीच गाडी तापत नाही. लिक्विड कूल्ड इंजिनाच्या रेडिएटरचा पंखा इंजिन तापल्यावर सुरू होतो आणि ती गरम हवा कुठे टाकतो हे तेव्हाच कळतं. मे महिन्याच्या दुपारी मी चालवलेल्या एका मोठ्या गाडीवर ती हवा थेट उजव्या गुडघ्याखाली येत होती. जीन्समधूनही पाय भाजल्यासारखा झाला, सिग्नलला मी गुडघा बाहेर काढून बसले. हिवाळ्यात चालवली असती तर हे मला कळलंच नसतं आणि पहिल्या उन्हाळ्यात पश्चात्ताप झाला असता. 150-160 सीसीची एअर कूल्ड किंवा ऑइल कूल्ड इंजिनं उभ्या गर्दीत त्यामानाने सुसह्य असतात. जळणारं पेट्रोलच कमी, तर उष्णताही कमी. नेकेड गाडीत इंजिन आणि पाय यांच्यामध्ये काहीच नसतं, हेही लक्षात घ्या.

मागे आई बसणार आहे

महिन्यातून दोन-तीनदा मी आईला सांगवी फाट्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात नेते. आई 62 वर्षांची, गुडघे दुखतात, साडी नेसते, एका बाजूला पाय सोडून बसते. नेकेड गाड्यांचं माझ्या मते सगळ्यात दुबळं अंग हेच. शेपूट वर उचललेली, मागची सीट उंच आणि छोटी, तिच्यावर तरुण माणूस दोन्हीकडे पाय टाकून कसाबसा बसतो. दिसायला ती शेपूट सुंदर असते, मलाही आवडते. पण आईला वर चढवायची वेळ आली की आवड बाजूला राहते.

म्हणून मागे बसणाऱ्या माणसाला टेस्ट राइडला घेऊनच जा. मी आईला चार गाड्यांवर बसवलं. तिने एकीला बसल्याबरोबर "घसरतेय गं" म्हटलं. ती गाडी यादीतून गेली, मग तिचे बाकीचे गुण मी बघितलेच नाहीत. लांब, एकसंध आणि सपाट सीट, हाताला घट्ट लागणारं ग्रॅबरेल आणि साडी गार्ड या तीन गोष्टी बघा. मोटार वाहन नियमांप्रमाणे मागच्या माणसासाठी हाताची पकड, फुटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण गाडीला असावंच लागतं. काही पोरं गाडी घेतल्या दिवशीच साडी गार्ड काढून टाकतात. कृपा करून काढू नका. ओढणी किंवा पदर चाकात अडकला तर काय होतं ते बघायची वेळ कुणावर येऊ नये.

पाऊस, आणि माझ्या निर्णयाला वळण देणारा पूल

जुन्या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक जोरात दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नव्हतं. चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये इंद्रायणीच्या पुलावर पुढची रिक्षा अचानक थांबली. माझा वेग पंचवीसच्या आतबाहेर होता. घाबरून मागचा ब्रेक जोरात दाबला, मागचं चाक लॉक झालं, गाडी आडवी सरकली. कोपर आणि गुडघा सोलला, क्लचची मूठ तुटली. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने वेळेत थांबवलं, म्हणून आज लिहिते आहे. वेग फार नव्हता, तरी हे झालं.

1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीवरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं आहे. पण सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकावर काम करतं. मागचं चाक तेव्हाही लॉक होऊ शकतं. ड्युअल चॅनल दोन्ही चाकांवर असतं. पत्रकात नुसतं 'एबीएस' लिहिलेलं असेल तर कुठलं, ते विचारा, आणि प्रकारानुसार बदलतं का तेही विचारा. मी बघितलेल्यांपैकी एफझेड-एस आणि जिक्सर 155 सिंगल चॅनलवाल्या होत्या. एमटी-15, एनएस200 यांना ड्युअल चॅनल, आणि आरटीआर 160 4व्हीच्या वरच्या प्रकाराला ड्युअल चॅनल, वर पावसासाठी वेगळा मोड.

पावसाची आणखी एक गोष्ट: मागचं मडगार्ड. नेकेड गाडीची आखूड शेपूट चाकावरचा चिखल थेट पाठीवर फेकते. चाकाला लागून असलेलं छोटं मडगार्ड आहे का, नसेल तर कंपनीचंच मिळतं का, ते आधी विचारून त्याची किंमत गाडीच्या किमतीत धरा.

खर्चाचं गणित

पेट्रोलपासून सुरू करते. महिन्याला माझे 1,100 किलोमीटर होतात. 45 चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी साडेचोवीस लिटर पिते, 28 देणारी सव्वाएकोणचाळीस. फरक पंधरा लिटरचा, म्हणजे लिटरला शंभर रुपये धरले तरी महिन्याला दीड हजार. कंपनीचा दावा बाजूला ठेवा. त्याच रस्त्याने तीच गाडी चालवणाऱ्या माणसाला विचारा. आमच्या कंपनीच्या पार्किंगमध्ये दोनशे बाइक उभ्या असतात. मी जेवणाच्या सुट्टीत तिथे उभी राहून मालकांना विचारलं, आणि सगळे आनंदाने बोलले. टाकीही बघा: एमटी-15 ची 10 लिटर, आरटीआरची 12, एफझेड आणि हंटरची 13, 390 ड्यूकची 15. पंपावर आठवड्यातून एकदाच जायचं की दोनदा, हे टाकी आणि अ‍ॅव्हरेज मिळून ठरवतात.

विम्यात सीसीची पायरी असते, आणि ती फारसं कुणी सांगत नाही. नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे 75 ते 150 सीसीला पाच वर्षांचे 3,851 रुपये, 150 च्या वर 350 पर्यंत 7,365, आणि 350 च्या वर 15,117. त्यावर कर वेगळा. एफझेडचं इंजिन 149 सीसी, म्हणून ती खालच्या पायरीवर. जिक्सर आणि एमटी-15 ची 155, म्हणून वरच्या. जीएसटीतही 22 सप्टेंबर 2025 पासून रेघ 350 सीसीवरच आखली आहे: तिथपर्यंत 28 टक्क्यांचे 18 झाले, त्यावर 40. ऑन-रोड किंमत लेखी घ्या आणि प्रत्येक ओळ विचारा. 'हँडलिंग' नावाची ओळ दिसली तर ती कशासाठी, हे नक्की विचारा.

टायर आणि चेन यांचा खर्च दोन-तीन वर्षांनी येतो, म्हणून विसरला जातो. मागचा टायर (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी) स्पीड 400 आणि 390 ड्यूकचा 150/60, एफझेड आणि जिक्सरचा 140/60, एनएस200 चा 130/70. रुंद रेडियल टायर महाग असतो आणि गल्लीतल्या दुकानात बहुधा नसतो. बऱ्याच नेकेड गाड्यांना डबल स्टँडही येत नाही. मग दर पाचशे किलोमीटरला चेन साफ करून तेल घालायचं तर मागचं चाक उचलायला वेगळा स्टँड लागतो. तो घ्याच. कोरडी चेन घेऊन फिरणारी गाडी शेजारून गेली की मला अजूनही थांबवून सांगावंसं वाटतं.

मी काय घेतलं

शेवटी दोन राहिल्या: एफझेड-एस आणि आरटीआर 160 4व्ही. तिसऱ्या गिअरवर पंचवीसच्या परीक्षेत एफझेड सरळ पुढे होती. आरटीआरला तिथे दुसरा गिअर हवासा वाटतो. सीटही एफझेडची 10 मिलिमीटर कमी, वजन कमी, विमा स्वस्त, टाकी मोठी. पुलावरचा तो जुलै नसता तर मी तीच घेतली असती, आणि माझ्या मैत्रिणीला, जी पाऊस आला की बसने जाते, मी तीच सुचवली. तिने घेतली, खूश आहे.

मी मात्र पावसातही बाइकनेच जाते. विम्यातला फरक पाच वर्षांचा 3,514 रुपये, वर्षाला सातशेच्या आसपास. मागच्या चाकाच्या एबीएससाठी वर्षाला सातशे मला महाग वाटले नाहीत. थ्रॉटल न देता सरकत राहण्याच्या सोयीने गिअरची कसर बरीचशी भरून निघते. आईला सीट पसंत पडली. आरटीआर घेतली, ड्युअल चॅनलवाली.

दादा नाशिकला असतो, महिन्यातून दोनदा चंदनापुरी घाट ओलांडून येतो, एकटाच असतो, उंचीने पाच फूट दहा. त्याला मी एनएस200 घे म्हटलं. 24.5 पीएसची ताकद त्याच्या घाटाला आणि हायवेला शोभते, आणि 8,000 आरपीएमपर्यंत नेण्याइतका मोकळा रस्ता त्याला मिळतो.

गाडी ताब्यात घेताना एक तास काढून ठेवा आणि उजेडात जा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन्ही टायरचे बघा. चासी नंबर कागदाशी आकड्यागणिक ताडून बघा. ब्रेकची आणि क्लचची मूठ बोटांना जवळ आणून द्यायला सांगा, छोट्या हातांना त्याने खूप फरक पडतो. आरसे बसल्या जागेवरून लावून घ्या. मी शिवाय स्टीलची पट्टी नेली होती. चेन खालच्या बाजूला मधोमध वर-खाली किती हलते ते मोजलं आणि मॅन्युअलमधल्या आकड्याशी जुळवलं. ढिली होती. तिथल्या मेकॅनिकने लगेच ताणून दिली, आणि माझ्या हातातली पट्टी मागून घेऊन शेजारच्या दोन गाड्यांच्या चेनही मोजल्या.